मालकाला कोर्ट, खाणाऱ्याला काय?

समुद्रात एखादं जहाज अडवल्याची बातमी आली की आपल्या ग्रुपवर दोनच सूर लागतात. ‘ही तर चाचेगिरी!’ नाहीतर ‘युद्धात सगळं चालतं.’ मला दोन्ही पटत नाहीत. युद्धात सगळं चालत नाही, आणि जहाज अडवणं दर वेळी बेकायदाही नसतं. कायद्यात खरी खोट वेगळ्याच जागी आहे.

१८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानं खासगी जहाजांना लुटीचे परवाने देणं बंद केलं. तटस्थ देशाच्या जहाजावर शत्रूचा माल असला तरी तो जप्त करायचा नाही, हेही ठरलं. अपवाद फक्त युद्धाला उपयोगी पडणाऱ्या निषिद्ध मालाचा. म्हणजे सगळा झगडा ‘निषिद्ध’ या एका शब्दावर आला. तोफा निषिद्ध, हे उघड आहे. पण गहू? १९०९ च्या लंडन जाहीरनाम्याचं उत्तर होतं: शत्रूच्या सैन्यासाठी किंवा सरकारसाठी चालला असेल तरच. ब्रिटननं तो जाहीरनामा मंजूरच केला नाही. पहिल्या महायुद्धात निषिद्ध मालाची यादी वाढत गेली आणि मार्च १९१५ पासून जर्मनीकडे जाणारा जवळपास सगळाच माल अडवला जाऊ लागला.

तरी कायदा अगदीच मेला नव्हता. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून स्टॉकहोमला निघालेलं ‘झामोरा’ हे स्वीडिश जहाज ब्रिटिश नौदलानं पकडलं. पकडलं म्हणून माल लगेच सरकारचा होत नाही. त्यासाठी खास न्यायालय असतं आणि तिथं मालकाला बाजू मांडता येते. निकालाआधीच सरकारला जहाजावरचं तांबं हवं होतं. १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं बजावलं की हे न्यायालय आंतरराष्ट्रीय कायद्यानं चालतं, राजाच्या हुकुमानं तो कायदा बदलत नाही. ऐन युद्धात, स्वतःच्याच सरकारला! सुनावणीआधी घरावर बुलडोझर फिरताना पाहिलेल्या आपल्या पिढीनं हा निकाल जरूर वाचावा.

पण हा न्याय मालाच्या मालकाला मिळाला. खाणाऱ्याचं काय? जर्मनीत १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी बटाट्याऐवजी सलगमावर काढला. नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधी झाली. नाकेबंदी पूर्ण उठायला जुलै १९१९ उजाडला. बर्लिनमधल्या कुठल्याही आईला त्या न्यायालयात उभं राहता आलं नसतं. जहाजावरचं एकही पोतं तिच्या नावावर नव्हतं.

ही खोट भरायला १९७७ उजाडावं लागलं. जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलनं नागरिकांना उपाशी मारण्याचं हत्यार वापरायला बंदी घातली. १९९४ मध्ये तज्ज्ञांनी केलेल्या सान रेमो नियमावलीनं समुद्री नाकेबंदीलाही तीच अट लावली. तरीही २०१० मध्ये गाझाकडे निघालेल्या ‘मावी मारमारा’वर माणसं मारली गेली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या एका समितीनं नाकेबंदी बेकायदा ठरवली आणि दुसरीनं कायदेशीर. बळाचा वापर अतिरेकी होता, हे मात्र दुसरीनंही मान्य केलं.

इस्रायल त्या प्रोटोकॉलमध्ये नाही. अमेरिकेनं सही केली, मंजुरी दिली नाही. आणि भारत? आपणही त्यात नाही. गाझासाठी मोर्चा काढाल तेव्हा आपल्या खासदारालाही एक पत्र टाका आणि विचारा, का नाही?