कादंबरी आपल्या घरांत आली पाहिजे

कादंबरी वाचणें म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा समज आपल्या शेतकरी व कारागीर मंडळींत अजून पुष्कळ ठिकाणीं आहे. पोरगी पुस्तक घेऊन बसली कीं आई म्हणते, "आधीं भाकरी थाप." पोरगा वाचूं लागला कीं बाप विचारतो, "यानें पोट भरणार आहे काय?" हें बोलणें अगदींच बिनबुडाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला पेरणीसाठीं उसनवारी करावी लागते त्यानें तीन-चारशें रुपये टाकून गोष्टीचें पुस्तक विकत घ्यावें, असा शहाणपणा आम्ही शिकवणार नाहीं. परंतु कादंबरी ही आपली वस्तूच नव्हे, असें म्हणून जो तिच्याकडे पाठ फिरवितो तो आपलें नुकसान करून घेतो, एवढें आज आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे.

मराठी कादंबरी जन्मली ती मुळीं गाऱ्हाणें मांडण्यासाठीं. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघाली, ती विधवा बायांचे हाल लोकांच्या नजरेस आणण्यासाठीं. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं घरांत कोंडलेल्या मुलीचें दुःख तिच्याच तोंडून वदविलें. हें सर्व चांगलें झालें. पण त्या काळच्या बहुतेक पुस्तकांत नांगर धरणारा माणूस दिसलाच तर निरोप आणणारा गडी म्हणून दिसे, आणि दोन वाक्यें बोलून निघून जाई. 'धनुर्धारीं'च्या 'पिराजी पाटील' (१९०३) सारखें पुस्तक हा अपवाद. तेव्हां, "या पुस्तकांत आमचें काय आहे?" असें आपल्या वाडवडिलांनीं विचारलें असतें तर तें वावगें नव्हतें. आज मात्र तो प्रश्न विचारून गप्प बसतां येणार नाहीं, कारण त्याचें उत्तर छापून तयार आहे.

एका शिंप्याच्या धंद्याचेंच उदाहरण घ्या. १९६० सालीं उद्धव शेळके यांची 'धग' निघाली. विदर्भांतलें शिंप्याचें घर, आणि नवऱ्याचा नीट आधार नसतां तें घर ओढणारी कौतिक, ही तिची गोष्ट. माणसें बोलतात तीं वऱ्हाडींत. १९७१ सालीं रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आली. तीही शिंप्याच्याच घराची, पण मराठवाड्यांतली. आणि सांगणारी आहे शिंप्याची बायको पार्वती, स्वतःच्या बोलींत. आणि २०२४ सालीं साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला तो देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला. तयार कपड्यांचीं दुकानें आलीं आणि शिवणयंत्रावर बसलेल्या माणसाचा धंदा कसा उसवत गेला, तें त्यांत आहे. लिहिणारा तुळजापूरचा, आणि स्वतः शिंपीकाम केलेला.

वाचकहो, हीं तीन पुस्तकें एकापुढें एक ठेवून पाहा. साठांहून अधिक वर्षांच्या काळांत एकाच सुईची गोष्ट तीनदां सांगितली गेली आणि प्रत्येक वेळीं ती निराळी निघाली. गांवांतला शिंपी आपल्या मनाशीं म्हणतो कीं माझें नशीब फुटकें. शेजारचा म्हणतो कीं त्याला धंदा करतां आला नाहीं. 'उसवण' वाचणाऱ्याला कळतें कीं हें एकट्याच्या नशिबाचें काम नव्हे. असेंच दुसऱ्या गांवीं दुसऱ्या घरांत झालें आहे. आणि जें अनेकांचें होतें त्याला नशीब म्हणत नाहींत, त्याला कारण असतें, आणि कारण शोधतां येतें. सुताराला, लोहाराला, कुंभाराला, चांभाराला हें पुस्तक परकें वाटेल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

शेताचीही तीच कथा. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) मध्यें नारबा नांवाचा गडी आहे. मळ्यांतलीं जनावरें हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरांची जागा जाते. मग गड्याची जागा कोठें राहिली? सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) मधला एकनाथ शिकून सवरून नोकरीवांचून शेतावर बसलेला आहे. असा एकनाथ आज कोणत्या गांवांत नाहीं? विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) धरणासाठीं उठविलेल्या माणसांची आहे. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीही विस्थापितांची, पण तींत माणसांबरोबर मागें राहिलेलीं जनावरें आहेत. ज्यांच्या शेताला त्याच धरणाचें पाणी मिळतें त्यांनीं तर हीं पुस्तकें आवर्जून वाचावींत. आपल्या पाटांतलें पाणी कोणाच्या उंबऱ्यावरून आलें, हें जाणून घेण्यांत कमीपणा कसला?

येथें कोणी म्हणेल, "दिवसभर रडगाणें आहेच, रात्रीं आणखी तेंच कशाला वाचा?" हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. जेवणांत नुसतें मीठ कोणी वाढत नाहीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं सर्व तऱ्हेच्या कादंबऱ्या घरांत याव्यात. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. विद्वानांनीं नाकें मुरडलीं, पण कामावरून थकून आलेल्या किती माणसांना पान उलटण्याची संवय त्यांनीं लाविली! ज्याला अक्षर लावून वाचावें लागतें त्यानें अशाच पुस्तकापासून आरंभ करावा. पुढें काय झालें या ओढीनें वाचन आपोआप सुधारतें. नारायण धारपांच्या भयकथाही खुशाल वाचाव्यात. मात्र भूत पुस्तकांत ठेवावें, तें अंगांत आणूं नये. आणि कोणी पोराला ताप आल्यावर मांत्रिकाकडे निघाला तर त्याला दवाखान्याची वाट दाखवावी.

विज्ञानकथा म्हणजे शिकलेल्यांचें काम, असें समजून ती बाजूला ठेवूं नये. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत वारले. आकाशाचा अभ्यास करणारा एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्यांनीं सोप्या मराठींत कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या 'वामन परत न आला' मध्यें माणसापेक्षां हुशार होऊं पाहणारें यंत्र आहे. यंत्र आलें कीं माणसाच्या हाताचें काय होतें, हाच प्रश्न 'गोतावळ्या'त ट्रॅक्टरच्या तोंडीं आहे आणि 'उसवणीं'त तयार कपड्यांच्या. आज तर लिहिणारें, बोलणारें यंत्र खिशांतल्या फोनवर आलें आहे. तेव्हां हा प्रश्न शास्त्रज्ञांवर सोंपवून कारागिराला झोंप घेतां येणार नाहीं.

ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयीं थोडें जपून बोललें पाहिजे, कारण त्याच आपल्या घरांत सर्वांत अधिक आवडतात. 'स्वामी' (१९६२), 'छावा' (१९७९), 'पानिपत' (१९८८) हीं पुस्तकें गांवोगांव वाचलीं गेलीं, आणि त्यांनीं लाखों माणसांना वाचनाची गोडी लाविली. हा गुण मोठा आहे. पण कादंबरी म्हणजे बखर नव्हे, आणि दप्तरांतला कागद तर नव्हेच. कागद जेथें गप्प बसतो तेथें कादंबरीकार आपल्या मनानें बोलतो. तो त्याचा हक्क आहे. तें बोलणें कोणाचें, हें ओळखणें वाचणाऱ्याचें काम आहे. २०२५ सालीं 'छावा' कादंबरीवरून चित्रपट निघाला. तो पाहिल्यावर बऱ्हाणपुराजवळ असीरगडाच्या पायथ्याशीं लोक मोगलांचें सोनें मिळेल म्हणून रात्रीं बॅटऱ्या घेऊन शेतें खणूं लागले, असें वर्तमानपत्रांत आलें. गोष्ट खरी मानून शेत उकरणारा फसतो तो एकटा. गोष्ट खरी मानून शेजाऱ्याशीं वैर धरणारा साऱ्या गांवाला फसवितो. म्हणून अशी कादंबरी वाचतांना दोन गोष्टी विचारीत जाव्या. हें कोठें लिहिलेलें आहे? आणि ज्यानें ती तलवार घडविली, त्या फौजेला दाणा-वैरण पुरविली, तो माणूस या पुस्तकांत कोठें आहे?

आतां मुद्द्याचा प्रश्न, हीं पुस्तकें मिळावयाचीं कशीं? विकत घेण्याची गरज नाहीं. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. त्याखालीं मान्यता मिळालेलीं वाचनालयें आहेत आणि त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणें सरकारी अनुदान मिळतें. तें अनुदान कोणाच्या बापाचें नव्हे. तुम्ही काडेपेटी घेतां तेव्हां जो कर भरतां त्यांतलें तें आहे. असें असतां किती वाचनालयांत कपाटाला कुलूप असतें, आणि पुस्तकें कोणतीं घ्यावयाचीं हें विक्रेता ठरवितो! याचा दोष चालकांवर ढकलून आपण मोकळे होणार नाहीं. जेथें कोणी मागत नाहीं तेथें कोणी आणीत नाहीं. चार घरांनीं मिळून वाचनालयांत जावें, पुस्तकाचें व लेखकाचें नांव चिठ्ठीवर लिहून द्यावें, आणि पुस्तक येईपर्यंत दर आठवड्याला विचारीत राहावें.

कपाट घरांत कसें आणावें, हें पाहावयाचें असेल तर सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वराकडचें भिलार गांव पाहा. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचें हें गांव. ४ मे २०१७ रोजीं तें 'पुस्तकांचें गांव' झालें. तेथें पुस्तकें लोकांच्या राहत्या घरांत मांडलेलीं आहेत. एका घरांत कादंबऱ्या, दुसऱ्यांत इतिहास, तिसऱ्यांत आणखी कांहीं. येणाऱ्यानें ओसरीवर बसावें आणि वाचावें. तेथें सरकारची मदत झाली हें खरें. पण एका वाडींत पांच घरांनीं पांच तऱ्हेचीं पुस्तकें आणून आपसांत फिरविण्यास सरकार कशाला पाहिजे?

आणि वाचावयाचें तें एकट्यानें कोपऱ्यांत बसून नव्हे. आपल्याकडे एकानें पोथी वाचावी व दहांनीं ऐकावी, ही चाल जुनी आहे. चातुर्मासांत 'हरिविजय', 'पांडवप्रताप' ऐकलेलीं माणसें अजून घरोघर आहेत. त्याच पद्धतीनें आठवड्यांतून एक रात्र कादंबरी वाचावी. शाळेंत जाणाऱ्या मुलामुलीनें वाचावें. ऐकणाऱ्यांनीं शेंगा फोडाव्यात, टोपली विणावी, गोधडीला टांके घालावेत. हातांचें काम थांबत नाहीं आणि कान रिकामे राहत नाहींत.

वाचून झाल्यावर बोललें मात्र पाहिजे. या पुस्तकांत राबतो कोण आणि खातो कोण? माणसें बोलतात ती भाषा खरी वाटते काय? शेवटीं जें झालें तें टळण्यासारखें होतें काय, आणि टाळणें कोणाच्या हातीं होतें? एवढे प्रश्न पुरे आहेत. यांचीं उत्तरें देण्यास शाळेचा दाखला लागत नाहीं. पेरणीचें वर्णन चुकलें असेल तर तें प्राध्यापकापेक्षां आजोबांना आधीं कळेल. बाळंतपणाचें चुकलें असेल तर आजीला. पुस्तकाला पुरस्कार आहे म्हणून माना डोलवूं नका. पटलें नाहीं तर तसें सांगा, आणि कां पटलें नाहीं तेंही सांगा.

आणि या बोलण्यांत बायांना मागें ठेवूं नका. सून आंत चहा करीत आहे व पुरुष बाहेर 'धग' मधल्या कौतिकेचें कौतुक करीत आहेत, असा देखावा आम्हांस नको. कविता महाजन यांच्या 'ब्र' (२००५) मध्यें ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या आदिवासी बायांना काय सोसावें लागतें, तें आहे. राखीव जागेवर बायकोला उभी करून सही तिची व कारभार आपला, असें चालविणाऱ्या गृहस्थांनीं तें पुस्तक बायकोच्या हातीं द्यावें, म्हणजे आम्ही त्यांना धीट म्हणूं.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? आपलीं मुलें शहरांत जातात आणि तेथें पहिल्या महिन्यांत आपली बोली गिळून टाकतात. घरची भाषा म्हणजे अडाण्यांची, असें त्यांच्या मनावर ठसतें. पार्वतीची बोली छापलेल्या पुस्तकांत ज्यानें वाचली, तो आपल्या आईच्या बोलण्याची लाज धरणार नाहीं. दुसरें असें कीं, शाळा जवळजवळ न शिकलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनीं १९५९ सालीं 'फकिरा' लिहिली, तेव्हां आपल्यांतलें कोणी लिहूं शकतें कीं नाहीं हा वाद संपला. आतां प्रश्न वाचणाऱ्यांचा आहे. आपल्या घरांतला मुलगा लिहितो आणि आपल्या घरांत तें पुस्तक येत नाहीं, तर प्रकाशक दुसऱ्यांदा तें कां छापील? मग आपली गोष्ट पुन्हां दुसऱ्यानेंच सांगावयाची, आणि आपण पुन्हां निरोप आणणारा गडी व्हावयाचें.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, फार मोठें कांहीं करूं नका. येत्या सुगीच्या आधीं प्रत्येक वाडीनें एक कादंबरी वाचनालयांतून मागवावी, चार घरांनीं ती मिळून ऐकावी आणि तिच्याविषयीं मोकळेपणानें भांडावें. कोणती घ्यावी असें विचाराल तर गांवांतल्या शिंप्याच्या घरीं बसून 'उसवण' उघडा.