चमत्कार नव्हे, हातचा

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आकडा फिरून येतो: १२३४५६७८९८७६५४३२१. ओळीनं नऊ वेळा एक लिहा, त्या संख्येचा वर्ग करा, की हा मनोरा तयार. इथपर्यंत छानच. पण खाली हमखास लिहिलेलं असतं, "आपल्या ऋषिमुनींना हे ठाऊक होतं. मुलांना जरूर दाखवा!" मग जोडलेल्या हातांची रांग.

दाखवलं. रविवारच्या मराठी शाळेत, फळ्यावर. दहा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "आणि दहा वेळा एक घेतला तर?" वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोरा कोसळला! उभी मांडणी केली की मधल्या रांगेत एकांची बेरीज दहा होते, शून्य लिहून हातचा एक धरावा लागतो. नऊपर्यंत हातचा येत नाही, एवढंच गुपित. ते सांगायला ऋषी लागत नाहीत, तिसरीतला गुणाकार पुरतो.

अशा संख्यांच्या मागे आयुष्यभर लागलेला माणूस आपल्याकडे होता आणि त्याचं नाव त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. या मनोऱ्यांच्या कुळाला त्यांनी 'डेम्लो' म्हटलं, तेही मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका रेल्वे स्टेशनावरून. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' हे नावही त्यांचंच. आपली संख्या हर्षदही आहे: अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं भागलं तर येतो १२३४५६७९ चा वर्ग. (त्यातला आठ गायब आहे, टंकनदोष नाही.)

इथल्या विद्यापीठांत शिकलेले काही मित्र मग नाक मुरडतात: हे सगळं लिहिण्याच्या पद्धतीचे खेळ, संख्येचे गुण नव्हेत. कापरेकरांनाही आपल्याकडच्या काही गणितींनी असंच उडवून लावलं होतं. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जग वळून बघायला लागलं. मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बाराच्या पटीत मोजलं तर हीच संख्या ९७ नं सुरू होते आणि ६९ वर संपते, उलटसुलट सारखी राहत नाही. पण ती वर्गसंख्या राहतेच. ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव कुठल्याही पद्धतीत तेच असतात. कुठला गुण संख्येचा आणि कुठला लिपीचा, हे निवडणं हेच तर गणित! दहा वर्षांच्या पोरांना ते शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

"ऋषींना ठाऊक होतं" म्हटलं की मूल प्रश्न विचारायचं थांबतं. परदेशात वाढणाऱ्या मुलांना अभिमान वाटावा म्हणून आपण हे पाठवतो, आणि शाळेतली शिक्षिका "कुठे लिहिलंय?" विचारते तेव्हा त्यांना एकटं सोडतो. देवळालीचं नाव सांगितलं असतं, तर निदान उत्तर तरी होतं.

पुढच्या खेपेला तो फॉरवर्ड आला की खाली जोडलेले हात टाकू नका. दहा एकांचा वर्ग टाका.