टॉन्सिल्स सुजले की आई दोषी!

"तूच लाडानं बर्फाचा गोळा खाऊ दिलास!" मुलाचे टॉन्सिल्स सुजले की घरोघरी हे वाक्य ठरलेलं. सासूबाई दह्याला नावं ठेवतात, शेजारीण पेरूला, आणि नवरा म्हणतो, "मागच्या वेळचंच औषध दे ना!" महिला मंडळाच्या कामानिमित्त माझं वस्तीतल्या घरांत जाणं होतं. कितीतरी घरांत फ्रिजच्या दारात अँटिबायोटिकची अर्धी उरलेली बाटली दिसते. पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवलेली! खरं तर पाणी घालून तयार केलेलं ते औषध थोड्याच दिवसांत निकामी होतं. पण माझी तक्रार त्याहून मोठी आहे.

मुलांच्या घसादुखीमागे बहुतेक वेळा विषाणू, म्हणजे व्हायरस असतात. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना. विषाणूंच्या केसालाही त्यानं धक्का लागत नाही. मग "दोन दिवस औषध दिलं अन् उतार पडला" असं का वाटतं? अहो, असा घसा बहुधा आठवड्याभरात आपसूकच बरा होतो. श्रेय मात्र बाटलीला! टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले की "पू झालाय, आता अँटिबायोटिक हवंच" हेही दरवेळी खरं नसतं. अ‍ॅडिनोव्हायरस आणि एपस्टाइन-बार या विषाणूंमुळेही तसे ठिपके येतात. एपस्टाइन-बारच्या तापात अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं, आणि आपण पोराला औषधाची अ‍ॅलर्जी आहे असं धरून चालतो.

हा एपस्टाइन-बार एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो, आणि टॉन्सिल्स ही त्याची हक्काची जागा. ऑपरेशन करून काढलेले टॉन्सिल्स तपासले, तेव्हा सर्दी-ताप नसलेल्या मुलांच्या टॉन्सिल्समध्येही विषाणू सापडले आहेत. आता विषाणू सापडला म्हणजे जुनाट सूज त्याचीच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. टॉन्सिलच्या खाचांत जिवाणूही ठाण मांडून असतात. पण एवढं नक्की, की हे दुखणं एका पेरूनं किंवा वाटीभर दह्यानं आलेलं नाही. बाहेरच्या गोळ्यातलं पाणी घाण असतं म्हणून तो टाळावा, हे मला मान्य. त्यापायी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करायचं?

म्हणून डॉक्टरांकडे जायचंच नाही, असं मात्र मुळीच नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू साधारण पाच ते पंधरा वयाच्या मुलांचा घसा धरतो. त्यावर नीट उपचार झाले नाहीत तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही. खोकला-सर्दी काही नाही, पण एकदम जोराचा ताप, गिळताना दुखणं, मानेतल्या गाठी सुजून दुखऱ्या, असं दिसलं तर घसा तपासून घ्या. स्ट्रेप्टोकोकस निघाला तर पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन सहसा दहा दिवस घ्यावं लागतं. तिथे चौथ्या दिवशी "आता बरं वाटतंय" म्हणून बाटली बाजूला ठेवणं महागात पडतं. आणि मूल लाळही गिळू शकत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

बायका माझ्याकडे कुरकुरतात, "एवढी फी घेतली आणि नुसतं पॅरासिटामॉल लिहून दिलं!" मला तर असे डॉक्टर भले वाटतात. "हे विषाणूचं आहे की जिवाणूचं?" असं त्यांना बिनधास्त विचारा. ऑपरेशनचाही निर्णय घाईनं नको. वर्षात सात वेळा, सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा चांगलाच धरला असेल, तर डॉक्टर साधारणपणे त्याचा विचार करतात. पण "सारखंच येतं हो" एवढ्यावर त्यांना काय कळणार? दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितोच. त्याच चौकटीत तापाचा आकडा आणि दिलेलं औषधही लिहा, आणि दवाखान्यात जाताना ती पानं पिशवीत टाका.