आयसीयू रिकामा करण्याचा सराव सक्तीचा करा



रुग्णालयाला आग लागली की चार दिवस एकच मागणी होते : फायर ऑडिट करा. आयसीयूत सिस्टर म्हणून अनेक वर्षे काढल्यावर मला वाटते, एवढ्याने भागणार नाही. जे त्या वेळी ड्युटीवर असतात त्यांच्याकडूनच आयसीयू रिकामा करण्याचा सराव, आणि तोही रात्रपाळीत, सक्तीने करून घ्यायला हवा.

२०२१ हे एकच वर्ष आठवा. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली, १० बाळे गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी पहाटे विरारच्या आयसीयूला आग, किमान १३ बळी. नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूतल्या आगीत किमान ११.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण उठून पळत नाही. त्याला हलवायचे तर एकीने डोक्याशी उभे राहून, ट्यूब सांभाळत अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबायची, दुसरीने औषधाचा पंप आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घ्यायचा, दोघांनी खाट ढकलायची. एका रुग्णाला चार माणसे. रात्री अडीच वाजता एवढी माणसे कुठल्या वॉर्डातून येणार, हे आधी ठरलेले असते का? ऑक्सिजनने भरलेल्या खोलीत आग भडकायला वेळ लागत नाही, म्हणून त्या विभागाचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. पण तो बंद केला की त्या लाइनवरच्या प्रत्येकाचा ऑक्सिजन तुटतो. म्हणजे आधी सगळ्यांना बॅग आणि सिलिंडर, मग व्हॉल्व्ह. तो कोणी फिरवायचा? कोणाच्या सांगण्यावरून? व्हॉल्व्हच्या पेटीपुढे सलाइनचे खोके रचलेले मी स्वतः पाहिले आहेत. नव्याने रुजू झालेल्या मुलींना ती पेटी कुठे आहे हेही कोणी दाखवत नाही.

यंत्र नसताना हातांनी माणसे जगवता येतात, हे अतिदक्षता उपचारांच्या शास्त्राला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने श्वास द्यायला सुरुवात केली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजचे आयसीयू त्यातूनच उभे राहिले. पुढे डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी अंबू बॅग तयार झाली. ती चालायला वीज लागत नाही, ऑक्सिजनची लाइनही लागत नाही. अशी बॅग प्रत्येक खाटेशी टांगलेली हवी. दहा खाटांत दोन, त्याही कपाटात कुलूपबंद, हे चालणार नाही.

राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैला ‘फॉर्म बी’ घ्यावा लागतो. तो यंत्रणा चालू असल्याचा दाखला झाला. माणसे तयार आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही.

सरावाने खऱ्या रुग्णांना धोका होईल, असा आक्षेप घेतला जातो. मग रिकाम्या खाटेवर पुतळा ठेवा, नाहीतर एखाद्या वॉर्डबॉयला झोपवा. शेवटची खाट सुरक्षित जागी पोचायला किती मिनिटे लागली ते लिहा आणि आयसीयूच्या दारावर लावा. रुग्णाला आत सोडताना नातेवाइकांनाही ते वाचता येईल. सरकारी असो वा खासगी, ही नोंद दाखवल्याशिवाय कुठल्याही आयसीयूला परवानगी किंवा नूतनीकरण मिळता कामा नये.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा