दुखणे गुडघ्यात, दोष खुब्यात

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पैठणकडचा एक तरुण दवाखान्यात आला. वय पंचविशीच्या आतबाहेर. दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगासाठी मुंबईत त्याचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजेच बोन मॅरो ट्रान्सप्लांट, झाले होते; दाता थोरला भाऊ. आता तक्रार एवढीच, की उजवा गुडघा दुखतो. मी गुडघा दाबून पाहिला. सूज नव्हती, एक्स-रेही निर्दोष होता. एवढ्या मोठ्या आजारानंतरचा अशक्तपणा असेल, असे समजून मी कॅल्शियम लिहून दिले.

तीन आठवड्यांनी तो लंगडत आला. सोबत आई होती. "डॉक्टरसाहेब, येवढ्या मोठ्या दुखण्यातून वाचला, आता गुडघ्याचं काय घेऊन बसला, असं समदे म्हणतात. पण लेकराला मांडी घालून जेवायला बसता येईना," ती म्हणाली. मांडी घालता येत नाही, या शब्दांनी मी सावध झालो. त्याला उताणे निजवून, गुडघा वाकवून पाय खुब्यातून आतल्या बाजूस वळवला, तेव्हा तो कळवळला. दोष गुडघ्यात नव्हताच. तो खुब्यात होता. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या मज्जातंतूंच्या काही शाखा एकाच मुळाच्या असल्याने खुब्याचे दुखणे पुष्कळदा जांघेत किंवा थेट गुडघ्यात जाणवते. हे आम्हांला विद्यार्थिदशेतच शिकवलेले असते. पहिल्या भेटीत मी खुबा तपासला नाही, ही चूक माझीच.

एमआरआयमध्ये दोन्ही खुब्यांत अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस आढळला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा ज्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो, त्यांतील प्रवाह आटला की हाडाचा तेवढा भाग निर्जीव होतो आणि शरीराच्या भाराने पुढे खचतो. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. त्यांना आवरण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागते, कधी कित्येक महिने. त्यामुळे हाडाच्या पोकळीतील चरबी वाढून रक्ताची वाट आक्रसते. हा विकार वाचकांना अगदीच अपरिचित नसेल. कोविडनंतर खुबे असे निकामी झालेल्या तीन रुग्णांची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यांनाही स्टेरॉइड द्यावे लागले होते. म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करावे, असे मात्र कोणी समजू नये. त्याच औषधाने हा मुलगा जगला होता, आणि ते एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर केले. तेव्हा प्रश्न रुग्ण जगेल का, एवढाच होता. आता तो जगतो, शेतात जातो, लग्न करतो, आणि त्याच्या सांध्यांची चौकशी आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे येते.

विकार आरंभीच सापडला, तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. तिचे यश हमखास नसते. गोळा खचला असेल, तर सांधा बदलणे हाच मार्ग उरतो. गुडघ्याच्या हाडांतही हाच विकार होऊ शकतो आणि क्वचित तोही सांधा बदलावा लागतो. "इतक्या लहान वयात?" हा घरच्यांचा प्रश्न रास्तच असतो. कृत्रिम सांधा झिजतो, आणि तरुणाला पुढे कधीतरी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा संभव अधिक. पण त्या भयाने ऐन उमेदीची वर्षे कुबडीवर काढायला लावणे मला पटत नाही.

खरी दक्षता शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायची असते. प्रत्यारोपणाची संपूर्ण फाइल अस्थिरोगतज्ज्ञांच्या हाती द्यावी आणि मूळ प्रत्यारोपण केंद्राची संमती घ्यावी. प्रतिकारशक्ती दुबळी असल्याने सांध्यात जंतुसंसर्गाचे भय अधिक. म्हणून किडलेला दात, नखुरडे, लघवीतला संसर्ग आधी बरा करावा. बालपणीच्या लसींचे संरक्षण बहुधा पुसले गेलेले असते, तेव्हा त्या पुन्हा टोचल्या का, ते पाहावे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले असल्यास भूलतज्ज्ञांना ते अवश्य सांगावे, कारण शस्त्रक्रियेच्या ताणासाठी लागणारे संप्रेरक शरीर स्वतः पुरेसे निर्माण करू शकत नसते. वेदनाशामक गोळ्याही औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांसोबत त्या मूत्रपिंडाला घातक ठरतात.

रक्ताची गोष्ट तर सर्वांत जपण्याची. अशा रुग्णाला रक्त लागले, तर अनेकदा ते किरणोत्साराची प्रक्रिया केलेले असावे लागते. अन्यथा त्यातील लिम्फोसाइट पेशी रुग्णावरच प्राणघातक हल्ला करू शकतात. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते, म्हणून मागणी आधी नोंदवावी लागते. शिवाय दात्याचा रक्तगट निराळा असेल, तर रुग्णाचाही बदलतो. या मुलाचा जन्मापासूनचा गट ए; प्रत्यारोपणानंतर तो भावासारखा बी झाला. भरतीच्या अर्जावर त्याच्या काकांनी आठवणीने ए लिहिले होते. रक्तपेढी तपासल्याविना रक्त देत नाही हे खरे, पण दोन कागदांवर दोन गट आले की गोंधळ उडतो आणि वेळ जातो.

उजवा खुबा दिवाळीनंतर बदलला. डाव्याचा गोळा अजून खचलेला नव्हता. त्याला छिद्राची शस्त्रक्रिया झाली असून दर काही महिन्यांनी तो तपासावा लागणार आहे. परवा तो काठीशिवाय जिना चढून आला. जमिनीवर मांडी घालण्यास त्याला तज्ज्ञांनी मनाई केली आहे. त्याच्या आईने घरात जेवणाचे टेबल आणले आहे आणि त्यावर तिची अजून कुरकुर चालू असते. मोटारसायकल केव्हा चालवू, असे त्याने विचारले. मी म्हटले, ते शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांना विचार. तोवर लायसन्सवरचा रक्तगट तेवढा बदलून घे.