यंत्र आले, पुढचा खर्च कोणाचा?

परितेवाडी हे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले लहानसे गाव. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. या औदार्याचे कौतुक झाले ते योग्यच; परंतु त्यांच्या प्रयोगामागील अर्थशास्त्राकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत छापावा आणि तो मोबाइलने टिपताच धड्याशी निगडित कविता, चित्रफीत वा स्वाध्याय मुलापुढे यावा, ही ती कल्पना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे संकेत आले. एकदा तयार केलेला पाठ एका मुलाने पाहिला काय किंवा लाखांनी पाहिला काय, वाढीव खर्च जवळजवळ शून्य. गरीब राज्यव्यवस्थेला याहून स्वस्त साधन कोणते मिळणार?

तथापि खर्च नाहीसा होत नसतो. तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. संकेत छापतो शासन. मोबाइल, इंटरनेट आणि वीज यांचा भार मात्र कुटुंबावर पडतो. 'असर'च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी २०२० मध्ये स्मार्टफोन होता. म्हणजे शाळा बंद असलेल्या त्या वर्षी उरलेली ३८ टक्के मुले दाराबाहेरच राहिली. शिवाय घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे. वेळापूरच्या परिसरात ऊसतोडीच्या हंगामात पहाटे फडावर जाणाऱ्या मजुराबरोबर त्याचा फोनही फडावर जातो. पाठीमागे राहिलेल्या पोराच्या पुस्तकातील संकेत मुकाच राहतो.

म्हणून यंत्रे नकोत, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आततायीपणा ठरेल. फडावरच्या मजुराच्या मुलाला उत्तम पाठ पाहण्याची संधी शाळेतच मिळू शकते. पण त्यासाठी शाळेतले यंत्र चालते हवे. पडदा वा संगणक खरेदी करणे हा एकदाचा भांडवली खर्च. त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. विजेचे देयक, दुरुस्ती, इंटरनेट आणि शिक्षकाचे प्रशिक्षण हा दरवर्षीचा खर्च. त्याला ना हार, ना नारळ. विहीर खोदून मोटेला बैल न देणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

तेव्हा जिल्हा परिषदेने प्रत्येक यंत्राबरोबर त्याच्या पाच वर्षांच्या निर्वाहाची तरतूद अंदाजपत्रकातच करावी आणि यशाचे मोजमाप खरेदीच्या आकड्यांवरून न करता वर्गातील वापरावरून करावे. शिक्षकाच्या डोक्यावरील अशैक्षणिक कामेही कमी करावीत. परितेवाडीत चमत्कार घडला तो संकेताने नव्हे, तो कल्पकतेने वापरणाऱ्या शिक्षकामुळे. असा शिक्षक बाजारात विकत मिळत नाही. तो घडवावा आणि टिकवावा लागतो.