सांधे दुखणाऱ्या मुलांची झोप

संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, असे आपण धरून चालतो. तो मुलांनाही होतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्यांची सूज डॉक्टर ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ या नावाने ओळखतात. मराठीत त्याला बालसंधिवात म्हणू. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते.

रात्री पाय दुखतात म्हणून रडणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार नसतो. वाढत्या वयातले साधे पायदुखणे संध्याकाळी किंवा रात्री येते आणि सकाळी मूल पुन्हा धावत सुटते. बालसंधिवातात उलटे घडते. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, मूल लंगडते आणि दिवस वर येईल तसे मोकळे होते.

यामागे शरीराचे घड्याळ आहे. सूज दाबणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, तर सूज वाढवणारी सायटोकाइन नावाची रसायने पहाटेकडे वाढतात. म्हणजे झोप पुरी व्हायची त्याच वेळी दुखणे जोर धरते. झोप मोडली की दुखणे सोसण्याची ताकद घटते, तेवढ्याच सुजेचा दुसऱ्या दिवशी जास्त त्रास होतो आणि पुढची रात्रही बिघडते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, किशोरवयीनांना ८ ते १०. वसई-विरारमध्ये निरोगी मुलांनाही ती मिळणे कठीण. आई-वडील मुंबईहून विरार लोकलने घरी पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, जेवणे उशिरा होतात, आणि सकाळची शाळा असेल तर मुलाला सहाच्या आधी उठवावे लागते. आजारी मुलाच्या घरी आणखी कोणीतरी जागे असते. बहुधा आईच. रात्री पाय दाबून देणारी ती, पहाटे डबा आणि शेकायला गरम पाणी करणारीही तीच. तिच्या झोपेचा विचार औषधोपचारात कुठेच नसतो.

तपासणीसाठी परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी जायचे तर विरारहून सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास. तिथे सूज, रक्ताचे अहवाल, औषधांची मात्रा यांतच वेळ जातो. हा आजार डोळ्यांतही शिरू शकतो, त्यामुळे डोळ्यांची तपासणी वेगळी. झोपेचा विषय राहून जातो, म्हणून तो पालकांनीच काढावा. स्टेरॉइडची गोळी झोप उडवू शकते. ती सकाळी देता येईल का, एवढा एक प्रश्नही महत्त्वाचा आहे.

घरीही करण्यासारखे बरेच आहे. मुलाला बरे वाटावे म्हणून आपण गुडघ्याखाली उशी ठेवतो. पण रात्रभर वाकलेला गुडघा हळूहळू तसाच आखडत जातो, म्हणून ही सवय मोडावी. सुटीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार बदलू नये. झोपण्याआधी तासभर मोबाइल दूर ठेवावा, दीर्घ श्वासाने अंग सैल सोडायला शिकवावे. आणि रात्रीची जाग आई-वडिलांनी वाटून घ्यावी. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी ८ ते १३ वर्षांची संधिवाताची मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी झोपेचा कार्यक्रम तयार केला, तोही दोघांना एकत्र धरूनच. ही दिशा आम्हाला योग्य वाटते. मुलाची आणि पालकाची झोप वेगवेगळी सुधारता येत नाही.

मात्र घराने कितीही केले तरी सकाळ शाळेच्या हाती असते. मुलांची झोप पुरी होत नाही हे मान्य करून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला. पाचवीपासून पुढची मुले त्यात नाहीत, आणि बालसंधिवात चौथीनंतर थांबत नाही. सर्वांची वेळ बदलणे शाळांना जड जाईल, हे आम्ही समजू शकतो. पण डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या मुलाला उशिरा येऊ देणे, त्या दिवसाची हजेरी पूर्ण लावणे, त्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवणे आणि बुडालेला तास नंतर समजावून देणे मुख्याध्यापकांना आजही शक्य आहे. वसई-विरारमधल्या शाळांनी हे येत्या जूनपासून सुरू करावे.